बोलावली की येणारी गाडी, एकच तिकीट आणि ठाणे-नवी मुंबईचा रोजचा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या ग्रुपवर, ट्रान्सहार्बर (ठाणे-नवी मुंबई) लोकलच्या डब्यात आणि रिक्षाच्या रांगेत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलं ॲप चांगलं, कूपन कोड कुठे मिळतो, हे या पानावर सापडणार नाही. उत्तरांत मतं आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

‘एकात्मिक ऑन-डिमांड वाहतूक’ म्हणजे नक्की काय?

वाघबीळला राहणारा माणूस महापेच्या एमआयडीसीत कामाला आहे असं धरा. तो सोसायटीच्या गेटवरून शेअर रिक्षा किंवा टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस पकडून ठाणे स्टेशनला येतो, ट्रान्सहार्बर लोकलने कोपरखैरण्याला उतरतो आणि तिथून पुन्हा शेअर रिक्षा करतो. प्रवास एक, व्यवहार तीन. पहिल्या रिक्षाला सुटे किंवा यूपीआय, लोकलला पास, दुसऱ्या रिक्षाला पुन्हा सुटे. यातला एक दुवा निसटला की उरलेले दोन असून नसल्यासारखे.

हे तीन तुकडे एकाच ठिकाणी ठरवता यावेत, एकदाच पैसे द्यावेत आणि दोन्ही टोकांची गाडी ठरलेल्या वेळापत्रकाने न धावता मागणी आली की यावी, ही मूळ कल्पना. ‘मला साडेनऊला महापेला पोहोचायचंय’ एवढं सांगायचं. सात-आठ सीटांची गाडी तुमच्या कोपऱ्यावरून चार शेजाऱ्यांसह तुम्हाला उचलेल आणि लोकलच्या वेळेला स्टेशनवर सोडेल. लोकल सहा मिनिटं उशिरा असेल तर ते कोपरखैरण्याच्या गाडीला आधीच कळेल आणि ती थांबेल.

ते शेवटचं थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. जाहिरातीत मात्र नकाशा आणि रंगीत बटणंच दिसतात.

म्हणजे ओला-उबरच ना?

अर्धंच. गाडी बोलावली की येते, हे खरं. पण पुढे तुमची लोकल चुकली की मिळाली याच्याशी तिला देणंघेणं नसतं. शिवाय एका गाडीत बहुतेक वेळा एकच प्रवासी असतो. एकाच दिशेच्या अनोळखी प्रवाशांना एकत्र बसवण्याचा प्रयोग दोन्ही कंपन्यांनी केला होता, कोविडच्या सुरुवातीला मार्च २०२० मध्ये तो थांबवला गेला. स्वस्त पडायचा, पण रेंगाळायचा. का, ते पुढे येईल.

मग आपली शेअर रिक्षा काय वाईट आहे? ती तर कधीपासून मागणीनुसारच धावते.

हा प्रश्न विचारणाऱ्याला अर्धं उत्तर आधीच सापडलेलं असतं. ठाणे स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा ही या शहराने स्वतः उभी केलेली ऑन-डिमांड सेवा आहे. तिला ॲप नाही, वेळापत्रक नाही. नियम एकच: तीन शीट भरली की निघायचं. भाडं सगळ्यांना पाठ, मार्ग सगळ्यांना माहीत, मध्ये कुठेही ‘दादा, इथेच’ म्हणून उतरता येतं. रिक्षा स्टँडवर उभी राहते, गिऱ्हाईक शोधत रस्त्यावर रिकामी फिरत नाही. वाहतूक नियोजनाच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे आणि ॲपवाल्या गाड्यांत तोच नसतो.

आता उणी बाजू. सकाळ-संध्याकाळी रांग लांब असली तरी ती सरकत असते, म्हणजे माणूस गाडीसाठी थांबतो. दुपारी दोनला उलट होतं. गाडी माणसांसाठी थांबते आणि आत बसलेला पहिला प्रवासी तिसऱ्याची वाट बघत घामाघूम होतो. रात्री शेवटच्या लोकलने उतरलात तर शेअरचं भाडं गायब होऊन तोंडी भाव सुरू होतो. चौथं शीट ड्रायव्हरशेजारी अर्धं लटकत बसतं. परवाना तिघांचाच आहे हे पोलिसांनाही माहीत असतं आणि त्या चौथ्यालाही. आणि शेअर फक्त जाड, म्हणजे भरपूर प्रवासी असलेल्या, मार्गांवर चालते. स्टेशन ते मोठा नाका मिळेल. नाक्यापासून आतल्या गल्लीतल्या शेवटच्या इमारतीपर्यंत मीटर करा नाहीतर चाला.

म्हणून आमचं मत असं, की शेअर रिक्षा हटवून तिच्या जागी चकचकीत व्हॅन आणणारी कुठलीही योजना ठाण्यात टिकणार नाही. गाड्या आहेत, चालक आहेत, रस्त्यांची माहिती त्यांच्या डोक्यात आहे. कमी आहे ती दुपारच्या आणि रात्रीच्या वेळेची हमी, आणि लोकलशी जोड.

मुंबई वन ॲप आलंय. मग एकत्रीकरण झालं नाही का?

काही अंशी झालं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, नवी मुंबई विमानतळाच्या उद्घाटनाच्याच दिवशी, हे ॲप सुरू झालं. त्यात ११ सार्वजनिक सेवा आहेत: उपनगरी लोकल, मेट्रो १, मेट्रो २अ व ७, मेट्रो ३, मोनोरेल, नवी मुंबई मेट्रो, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली या चार महापालिकांच्या बससेवा. दोन-तीन सेवा बदलून जायचं असेल तर एकच तिकीट काढता येतं. अनोळखी भागात जाताना हे खरोखर उपयोगी आहे, आणि खिडकीची रांग टळते हे वेगळंच.

पण त्या ११ नावांत रिक्षा नाही. म्हणजे घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस हे दोन तुकडे, जिथे ठाणेकराचा सगळ्यात जास्त जीव जातो, तसेच बाहेर राहिले. दुसरं म्हणजे रोजच्या नोकरदाराकडे लोकलचा पास असतोच. त्याला एकेका फेरीचं तिकीट सोपं करून मिळालं म्हणून त्याची सकाळ बदलत नाही. त्याला हवाय तो पास, ज्यात टीएमटी आणि शेवटची रिक्षाही धरलेली असेल.

स्वीडनमधल्या संशोधकांनी अशा एकत्रीकरणाच्या पायऱ्या मांडल्या आहेत. सगळं सुटं असणं ही शून्य पायरी. मग माहिती एकत्र, मग तिकीट एकत्र, मग महिन्याचं एकत्रित पॅकेज आणि सगळ्यात वर शहराची धोरणं त्यात गुंफलेली. आपण पहिली चढून दुसरीवर पाय ठेवलाय. तिसरीवर जाताना जगातल्या सगळ्यात गाजलेल्या कंपनीचं काय झालं ते पुढच्या उत्तरात.

जगात कुठे हे जमलंय का?

फिनलंडच्या हेलसिंकी शहरात दोन प्रयोग झाले आणि दोन्ही वाचण्यासारखे आहेत.

पहिला कुत्सुप्लुस. २०१२ मध्ये शहराच्याच वाहतूक यंत्रणेने नऊ सीटांच्या छोट्या गाड्या सुरू केल्या, त्यांची संख्या पुढे १५ झाली. प्रवाशाने कुठून कुठे जायचं ते सांगायचं, संगणक वाटेतले प्रवासी जुळवून मार्ग आखायचा. लोकांना सेवा आवडली. पण भाड्यातून खर्चाचा छोटा भागच निघायचा, बाकी शहराच्या तिजोरीतून. एवढ्या मोठ्या शहरात १५ गाड्यांनी चांगली जुळणी होत नाही. जुळणी व्हायची तर गाड्या कितीतरी पटींनी वाढवाव्या लागल्या असत्या आणि तोवरचा तोटा सोसावा लागला असता. शहराने तो सोसायचं नाकारलं आणि २०१५ च्या अखेरीस सेवा बंद झाली.

दुसरा व्हिम. २०१६ मध्ये आलेल्या या खासगी ॲपवर महिन्याचं पॅकेज घेतलं की बस, ट्राम, टॅक्सी, सायकल सगळं त्यात. तिकीटविक्रीची दारं इतरांना उघडी ठेवा असा कायदाही फिनलंडने २०१८ मध्ये लागू केला. तरी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. स्वतःची एकही गाडी नाही, दुसऱ्यांची तिकिटं विकून उरणारा नफा चिमूटभर, आणि खूप प्रवास करणारे नेमके अमर्याद पॅकेज घेणार. गणित बसणं कठीणच होतं.

तंत्रज्ञान दोन्हीकडे चाललं, पैसा कोण देणार हे ठरलं नव्हतं. यातून आम्ही काढलेला अर्थ इतकाच की एकत्रीकरण हा तिऱ्हाइताचा धंदा होऊ शकत नाही. बसचा तोटा जो आजही भरतो, त्यानेच ते हातात घ्यायला हवं. आपल्याकडे ती महापालिका.

घोडबंदर रोडची कोंडी याने कमी होईल का?

नाही. गर्दीच्या वेळी तर वाढेल.

एका मोठ्या बसमध्ये उभे-बसलेले मिळून साधारण ६० प्रवासी जातात. तेवढ्यांना ८ सीटांच्या ८ गाड्या लागतील, शेअर रिक्षा लागतील २०. कापूरबावडी ते कासारवडवली या पट्ट्यात सकाळी साडेआठला वीस रिक्षा वाढल्या तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ नको. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाहतूक प्राधिकरणाने २०१८ मध्ये तपासलं तेव्हा २०१० ते २०१६ या काळात वाढलेल्या कोंडीपैकी सुमारे निम्मी ॲपवरच्या टॅक्सींमुळे असल्याचं दिसलं. त्यातला एक भाग रिकाम्या फिरणाऱ्या गाड्यांचा होता.

जाड मार्गावर मोठी बस आणि मेट्रो, याला पर्याय नाही. मेट्रो ४ वडाळ्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि ४अ तिथून गायमुखपर्यंत पूर्ण धावू लागली की प्रश्नाचं रूप बदलेल. मग घोडबंदर रोडला समांतर जायचं नसेल, त्याला छेदून आत जायचं असेल: स्टेशनपासून कोलशेत, ढोकाळी, हिरानंदानीच्या आतल्या रस्त्यांपर्यंत. बोलावलेल्या गाडीला तिथे जागा आहे. त्याची तयारी मेट्रोचा जिना बांधून झाल्यावर करायची नसते, हे आपलं आमचं म्हणणं.

मग ही सेवा कुठे शोभते?

जिथे माणसं विरळ आहेत किंवा वेळ आडवेळ आहे तिथे. नवी मुंबई यासाठी ठाण्याहून सोयीची आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नोड, म्हणजे वेगवेगळी उपनगरं, आखले, स्टेशनं नोडच्या मध्याजवळ ठेवली, रस्ते रुंद केले. पण सेक्टर इतके पसरलेले की पायी जाणं जिवावर येतं. बेलापूर ते पेंधर ही ११ स्टेशनांची मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, तरी तळोज्याच्या दूरच्या सेक्टरात राहणाऱ्याला स्टेशनपासून घर लांबच आहे. उलव्यात खारकोपर किंवा बामणडोंगरीला उतरलेल्यांचीही तीच गत. अशा ठिकाणी मोठी बस सहा जणांना घेऊन फिरते, म्हणून फेऱ्या कमी ठेवतात. फेऱ्या कमी म्हणून लोक बाइक घेतात, आणि मग बसमध्ये सहाचे चार होतात.

अशा एका नोडपुरत्या चार-पाच छोट्या गाड्या एकाच स्टेशनला बांधून ठेवाव्यात. नोडच्या आत कुठूनही कुठेही नाही. नोड ते स्टेशन आणि परत, एवढंच. शहरभर पसरलेल्या सेवेत जुळणी होत नाही, एका स्टेशनभोवती ती आपोआप होते, कारण निम्मे प्रवासी लोकलमधून एकदमच उतरतात.

ठाण्यात येऊर, बाळकूमचा आतला भाग आणि रात्री दहानंतरचं जवळजवळ सगळं शहर याच वर्गात येतं.

ॲपवर ‘तीन मिनिटं’ दिसतं आणि गाडी पंधरा मिनिटांनी येते. का?

नकाशा अंतर मोजतो, घोडबंदर रोडचा दुभाजक त्याला नीट उमगत नाही. गाडी शंभर मीटरवर असते, पण पलीकडच्या बाजूला. तिला पुढच्या जंक्शनवरून वळून यावं लागतं. ठाणे स्टेशन पश्चिमेला सॅटिसचा (बसच्या उंच पुलाचा) वरचा डेक आणि खालचा रस्ता यांचा पिन नकाशावर एकाच जागी पडतो. तुम्ही वर, गाडी खाली, मग ‘कुठे आहात’, ‘तुम्ही कुठे आहात’ सुरू.

प्रवासी एकत्र घेणाऱ्या गाडीचं आणखी एक गणित आहे. प्रत्येक प्रवाशासाठी आत वळून बाहेर यायला दोन मिनिटं धरली तर आठ जणांच्या गाडीत पहिल्या प्रवाशाची चौदा मिनिटं फक्त इतरांना गोळा करण्यात जातात. त्याची लोकल तेवढ्यात गेलेली असते. दारापर्यंत गाडी हवी हा हट्ट सोडून दोनशे मीटर चालत ठरलेल्या थांब्यावर आलं तर यातला बराच वेळ वाचतो. हेच थांबे बसचेही असले तर उत्तम.

चालक फोन करून ‘कुठे जायचंय’ विचारतात आणि कॅन्सल करतात. हा माज नाही का?

कधीकधी असतो. पण हिशोब बघा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहे, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. तीन किलोमीटरच्या भाड्याचे साधारण ५१ रुपये होतात. तुम्हाला घ्यायला तो दोन किलोमीटर रिकामा आला आणि सोडल्यावर तीन किलोमीटर रिकामा परतला तर आठ किलोमीटरचे ५१, म्हणजे किलोमीटरला सहा-साडेसहा रुपये. त्यातून गॅस, गाडीचा हप्ता आणि ॲपचं कमिशन किंवा रोजची फी. म्हणून तो परतीचं भाडं मिळेल अशीच दिशा निवडतो. संध्याकाळी स्टेशनवरून आतल्या भागात जाणाऱ्याला रिक्षा मिळत नाही, ते यामुळेच.

रस्त्यावर हात दाखवून थांबवलेल्या रिक्षाने भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. ॲपवर तेच नाकारणं बरीच वर्षं नुसतं एक बटण होतं. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत कारण नसताना रद्द करणाऱ्याला भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड सांगितला आहे. गर्दीच्या वेळचा दर मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत नेण्याची मुभाही त्यांतच आहे. दंडाने थोडं सुधारेल. खरा उपाय वेगळा वाटतो. विरळ भागात चालकाला फेरीमागे पैसे न देता तासाचे द्यावेत. बसच्या ठेकेदाराला महापालिका किलोमीटरमागे पैसे देतेच, मग बस भरो वा रिकामी जावो. रिक्षावाल्यालाच प्रत्येक रिकाम्या किलोमीटरचा भार एकट्याने का उचलायला लावायचा?

हे कायद्यात बसतं का?

अडखळत बसतं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये प्रवासी वाहनांचे दोन मुख्य परवाने आहेत. टप्पा वाहतुकीच्या परवान्यावर वाटेत चढउतार करता येते, प्रत्येकाचं वेगळं तिकीट. कंत्राटी परवान्यावर संपूर्ण गाडी एका कराराने ठरते, वाटेत प्रवासी घ्यायचे नाहीत. बोलावलेली सामायिक गाडी नेमकी या दोन्हींच्या मध्ये पडते. २०१९ च्या दुरुस्तीने ॲप कंपन्यांना कायद्यात जागा मिळाली, पण परवान्यांचा हा पेच त्यातून सुटला नाही. दिल्लीने २०२३ मध्ये ॲपवरच्या प्रीमियम बससाठी स्वतंत्र योजना काढली. आपल्याकडे ठाण्याहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलाला) सीट राखून नेणाऱ्या खासगी बस धावतातच, म्हणजे गरज सिद्ध झालेली आहे.

टीएमटी, एनएमएमटी (नवी मुंबई महापालिकेची बससेवा), बेस्ट, रेल्वे, सिडको, आरटीओ… यांना एकत्र बसवणार कोण?

केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने प्रत्येक मेट्रो शहरात एक एकीकृत वाहतूक प्राधिकरण असावं असं म्हटलंय. बैठका घेणारं नको, पैसे वाटणारं हवं. टीएमटी, लोकल आणि रिक्षा यांच्या एकत्रित तिकिटावर दहा रुपये सवलत दिली तर ते कोणाच्या खिशातून जाणार? इथे येऊन चर्चा थांबते.

आईकडे साधा फोन आहे. तिने काय करायचं?

ॲप हाच एकमेव दरवाजा असेल तर ती सार्वजनिक सेवा नव्हे. एक फोन नंबर हवा, मराठीत बोलणारा माणूस हवा, रोख चालायला हवी. सोसायटीच्या गेटवरून वॉचमनने बुकिंग करून देण्याची सोयही चालेल. व्हीलचेअर रिक्षात जात नाही, म्हणून दर नोडमागे निदान एक गाडी रॅम्पची असावी. यावर घोळ घालण्यासारखं काही नाही.

रात्री एकट्या बाईने अशा गाडीत बसावं का?

१ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ट्रॅकिंग यंत्र आणि धोक्याचं बटण बंधनकारक आहे, पण तीनचाकींना त्यातून सूट आहे. म्हणजे रिक्षाचा माग फक्त चालकाच्या मोबाइलवर टिकून असतो. मोबाइल बंद झाला की तोही संपला. तातडीच्या मदतीचा ११२ नंबर लक्षात ठेवाच. त्यापलीकडे, ठरलेल्या थांब्यावरून, ओळखीच्या स्टँडच्या नोंदीतल्या चालकांनी चालवलेली, आणखी दोघं-तिघं बसलेली गाडी एकटीने घेतलेल्या अनोळखी गाडीपेक्षा बरी, असं बऱ्याच जणी सांगतात.

मात्र तुम्ही रोज कुठून किती वाजता निघता ही नोंद कोणाकडे तरी साठते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. महापालिकेच्या निविदेत ती माहिती किती दिवसांनी पुसायची हे लिहून घ्यायला हवं.

भाडं किती असावं?

शेअरपेक्षा थोडं जास्त, मीटरच्या बरंच खाली. उरलेलं अनुदान. मोठ्या रिकाम्या बसवर प्रवाशामागे जेवढा तोटा होतो त्याहून हे स्वस्त पडत असेल तरच चालवावं, नाहीतर बसच बरी.

आमच्या सोसायटीला आत्ता काही करता येईल का?

येईल. शेजारच्या तीन-चार सोसायट्या मिळून एक आठवडा नोंद ठेवा: कोण किती वाजता निघतो, कुठली लोकल पकडतो, रात्री किती वाजता परततो. एका लोकलला दहा-बारा जण निघाले तर जवळच्या स्टँडवरच्या तीन-चार रिक्षावाल्यांशी महिन्याच्या हिशोबाने बोला. परतीला त्यांना शाळेची मुलं किंवा कामवाल्या ताईंची पाळी मिळते का तेही बघा, म्हणजे रिकामी फेरी वाचेल आणि दर उतरेल. एमआयडीसीत कामाला असाल तर कंपनीच्या बसमध्ये सीटा रिकाम्या जातात का विचारा. दोन कंपन्यांनी एक बस वाटून घेतली तर निम्मा प्रश्न कागदावरच सुटतो.

परिवहन उपक्रमाला अर्ज करताना ‘बस वाढवा’ एवढंच लिहू नका. तसे अर्ज ढिगाने पडलेले असतात. थांब्याचं नाव, वेळ, कुठल्या लोकलला जोड हवी, आठवड्याच्या नोंदीतला प्रवाशांचा आकडा आणि छोटी गाडी चालेल हे स्पष्ट लिहा. शेअर रिक्षाचा नवा मार्ग हवा असेल तर प्रत आरटीओला आणि वाहतूक पोलिसांनाही द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.